किलोच्या हिशोबात मांडलेलं लग्न: माथेरान, मे २०२५

मुलगी डोंबिवलीची, मुलगा पुण्याचा. दोघंही ट्रेकिंगवाले, ओळखही हरिश्चंद्रगडाच्या वाटेवर झालेली. त्यामुळे 'हॉलमध्ये लग्न नको, डोंगरात हवं' हे लग्नं आखून देणाऱ्या आमच्याकडे येण्याआधीच ठरलं होतं. पाहुणे ११०. तारीख मेमधली, कारण मुलाची बहीण परदेशातून सुट्टीवर येणार ती तेव्हाच. आणि मुलीच्या फोनमध्ये जपून ठेवलेले साठ-सत्तर फोटो: पाइनची उंच झाडं, हिरव्या कुरणात लाकडी बाक, धुक्यातून चालत येणारी नवरी, फांद्यांना टांगलेले दिवे.

हे फोटो आम्हाला दर उन्हाळ्यात बघायला मिळतात. त्यातली हिरवळ एक तर युरोपातली असते, नाहीतर आपल्या ऑगस्टमधली. मेमधला सह्याद्री करपलेला असतो. गवत पिवळं पडून गेलेलं, धबधब्यांच्या जागी काळे ओघळ, आणि हवेत इतकी धूसर की समोरचा डोंगर अंदाजानेच ओळखायचा. हे पहिल्या बैठकीत स्पष्ट सांगितलेलं बरं असतं. सांगितलं. मुलीचा चेहरा पडला. मुलगा म्हणाला, "मग काजवे तरी?"

काजव्यांची कल्पना खरोखर सुंदर होती, म्हणून ती सोडून द्यायला वेळ लागला. मेच्या शेवटापासून पावसाचा जोर धरेपर्यंत भंडारदरा, पुरुषवाडी या अकोले तालुक्याच्या पट्ट्यात हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशी झाडंच्या झाडं लुकलुकतात. दोघांना अशा झाडाखाली रात्री हार घालायचे होते, बाकीचे विधी दुसऱ्या दिवशी. पण काजव्याचं लुकलुकणं हे त्याचं स्वतःचं लग्न जमवणंच असतं. नर उडत खूण करतो, मादी झाडपाल्यातून उत्तर देते. आपण तिथे माळा लावल्या, मोबाइलचे टॉर्च पेटले, फोटोग्राफरचा फ्लॅश उडाला की ते संभाषण तुटतं, आणि गवतात बसलेल्या माद्या चपलांखाली जातात त्या वेगळ्याच. शिवाय त्यातली बरीच झाडं कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात. ११० माणसं घेऊन तिथे शिरायचं म्हणजे वनखात्याने अडवण्याची वाट बघण्यासारखं होतं. आम्ही नाही म्हणालो. दोघांनी नंतर स्वतंत्रपणे, टॉर्चला लाल जिलेटिन लावून, काजवे पाहून यावं असं सुचवलं.

मग महाबळेश्वर. मेमध्ये पसरणीच्या घाटात वऱ्हाड अडकलं तर मुहूर्त घाटातच लागेल, या एका वाक्यावर मुलाच्या वडिलांनी ते नाव खोडलं.

माथेरान मुलीच्या आजीने काढलं. त्यांची मधुचंद्राची जागा तीच होती म्हणे.

माथेरान का, हे आजीच्या आठवणीपलीकडेही पटण्यासारखं होतं. सुमारे ८०० मीटर उंचीवरचं हे पठार मेमध्येही सावलीत असतं. अंजनी, जांभूळ, हिरडा यांचं दाट रान, पानं न झडणारं, आणि खाली जांभ्याची लाल माती. फोटोतल्या हिरव्या कुरणाची जागा घेईल असं दुसरं काही आम्हाला मेमध्ये मुंबई-पुण्याच्या टप्प्यात सुचेना. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० साली इथे चढून आले तेव्हापासून लोक उन्हाळ्यात या सावलीसाठीच येतात.

अडचण एकच, पण ती सगळ्या आखणीवर स्वार झाली. दस्तुरी नाक्याच्या पुढे मोटारवाहन नाही. अँब्युलन्स, अग्निशमन आणि मोजक्या ई-रिक्षा सोडून काहीही नाही. २००३ पासून हा भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. दस्तुरीपासून बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटर. सामान वर जातं ते घोड्यावर, हातगाडीवर, नाहीतर हमालाच्या डोक्यावर.

मांडववाल्याची यादी

ठाण्यातल्या मांडववाल्याने नेहमीची यादी पाठवली. लोखंडी फ्रेमचा मांडव, नवरा-नवरीचा सोफा, फायबरचे खांब, एलईडी भिंत, गालिचे, शंभर खुर्च्या कव्हरसकट, जनरेटर, स्पीकरचे चार खोके. त्याने दर लावले होते नगावर. आम्ही त्याला म्हटलं, "दादा, प्रत्येक वस्तूपुढे वजन लिहा." तो हसला. मग गोदामात ताणकाटा लावून आम्हीच वजनं घेतली. सोफा एकटा ऐंशी किलोच्या वर भरला. मांडवाची फ्रेम तीनशेच्या पुढे गेली. सगळं मिळून दोन टनांच्या घरात.

दोन टन माल दस्तुरीवर उतरवून हातगाड्यांनी ओढत न्यायचा, त्यात निम्मा रस्ता चढ-उताराचा, आणि लग्न झाल्यावर तोच माल परत खाली आणायचा. त्या हमालीच्या अंदाजात शहरात एक छोटा मांडव उभा राहिला असता. मुलीच्या वडिलांनी आकडा बघितला आणि चष्मा काढून ठेवला. "काका, आपण उलटं करू," आम्ही म्हणालो. "वर जाणाऱ्या मालाला सहाशे किलोची मर्यादा. त्यात बसेल ते लग्न."

इथून पुढची सगळी आखणी त्या सहाशे किलोंनी केली. सजावटीचं काम करणारी आमची मैत्रीण सुरुवातीला वैतागली. चार दिवसांनी तिलाच मजा यायला लागली.

सोफा गेला. त्याजागी हॉटेलमधल्या जुन्या वेताच्या खुर्च्या, तिथल्या पारशी वळणाच्या व्हरांड्यात वर्षानुवर्षं पडून असलेल्या. एलईडी भिंत गेली, तिचा शोक कोणीही केला नाही. लोखंडी मांडव गेला. हॉटेलच्या आवारात दोन मोठी जांभळं आणि एक अंजनीचा पुंजका होता. त्यांच्यामध्ये सुती दोर बांधले, खोडाला दोर काचू नये म्हणून आधी गोणपाट गुंडाळलं, खिळा एकही नाही. आणि त्या दोरांवरून छत म्हणून सोडल्या दोन्ही घरांतल्या जुन्या साड्या.

साड्यांची कल्पना मुलीच्या मावशीची. आज्या, आत्या, काकू, माम्या यांच्याकडून प्रत्येकी एक सुती साडी मागवली. इरकल, नारायणपेठ, साधी वॉइल, एक जुनी नऊवारी. ज्याने त्याने आपल्या बॅगेतून आणली, त्यामुळे आमच्या वजनात धरलीच नाही. आदल्या संध्याकाळी बायका स्वतःच शिडीखाली उभ्या राहून 'माझी मध्ये हवी', 'हिची कड दिसू दे' करत होत्या. या प्रकाराला आम्ही एक तास दिला होता, अडीच लागले. सकाळी ऊन पानांतून गाळून त्या साड्यांवर पडलं तेव्हा खाली बसलेल्यांच्या अंगावर काठांचे रंग सांडले होते. असलं छत कोणत्याही गोदामात भाड्याने मिळत नाही.

फुलांचं गणित वेळेचं. सगळी फुलं दादरच्या बाजारातून, कारण माथेरानात डहाळी तोडायची सोय नाही आणि असू नये. मोगरा मेमध्ये भरपूर असतो, पण पहाटे घेतलेली कळी त्याच संध्याकाळी उमलते आणि दुसऱ्या सकाळी तपकिरी पडते. सकाळच्या मुहूर्ताला मोगरा हवाच, असा हट्ट दर लग्नात असतो. आम्ही तो संध्याकाळच्या भोजनासाठी राखला आणि सकाळी निशिगंध, झेंडू नि आंब्याचे टाळे वापरले. फुलं खोचायचा तो हिरवा फोम पूर्ण बंद. तो प्लॅस्टिकचाच प्रकार आहे, चुरा होऊन मातीत राहतो. केळीचे खुंट मात्र वेगळ्याच कारणाने गेले.

माकडं

दारात केळीचे खुंट उभे करायचे म्हणजे माकडांना निमंत्रणपत्रिका देण्यासारखं. त्यांच्याबद्दल आम्ही कुटुंबाला एक पूर्ण पान लिहून दिलं. उघड्यावर खाणं नको, हातात पिशवी नको, बाळाच्या हातात बिस्कीट नको. रुखवत तर जाळी असलेल्या खोलीतच मांडायचं ठरलं. मुलाच्या काकूंना ते पटेना. रुखवत झाडाखाली किती छान दिसेल, असं त्यांचं म्हणणं. शेवटी फोटोसाठी म्हणून एक ताट त्यांनी बाहेर नेलं. अनारसे गेले, रव्याचे लाडू गेले, लोकरीचा गणपती तेवढा वाचला.

हॉटेलचा एक माणूस मुहूर्तभर हातात गलोल धरून उभा होता. खडा लावायचा नाही, नुसती दाखवायची. माकडांना तेवढं कळतं. अक्षतांनंतर पाच मिनिटांत जागा झाडून घेतली, ती त्याच्याच सांगण्यावरून.

माणसं वर कशी न्यायची

पुण्याकडच्यांनी कर्जतला उतरून लोकलने नेरळ गाठायचं, मुंबईकडच्यांनी थेट नेरळ. तिथून टॅक्सीने घाट चढून सात-आठ किलोमीटरवर दस्तुरी. दिवस मुद्दाम मधल्या वारी घेतला. शनिवार-रविवारी मेमध्ये तो घाट तुंबतो आणि दस्तुरीचा वाहनतळ सकाळीच भरतो. मधल्या वारी खोल्याही स्वस्त पडल्या. नातेवाइकांनी रजेवरून थोडी कुरकुर केली.

झुकझुक गाडीने अख्खं वऱ्हाड न्यायचं, ही मुलाची लाडकी कल्पना. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी १९०७ मध्ये पुरी केलेली ही दोन फुटी रेल्वे म्हणजे माथेरानचा जीव आहे, पण फेऱ्या मोजक्या, डबे चिमुकले आणि नेरळहून वर यायला अडीच तासांहून जास्त. मुहूर्ताचं वऱ्हाड तिच्या भरवशावर सोडता येत नाही. तडजोड अशी झाली: आदल्या दिवशी मित्रमंडळी नेरळहून गाडीने आली, जागा मिळाली तेवढीच. बाकीचे दस्तुरीला उतरून शेजारच्या अमन लॉज स्थानकावरून शटलने माथेरान स्थानकात. तिथून हॉटेल पायी.

चालण्याबद्दल पत्रिकेसोबत चिठ्ठी गेली होती: टाचांच्या चपला आणू नका, पांढरी सुरवार नको, लाल धूळ धुऊन जात नाही. तरीही एका साडूंनी पांढरा लखनवी घातलाच. संध्याकाळपर्यंत तो गुडघ्यापर्यंत विटकरी झाला होता. नवरीने मात्र विटकरी रंगाचीच नऊवारी निवडली होती, काठ मोतिया. धूळ बसली तरी कळली नाही. तिच्या पायात कोल्हापुरी.

आजी ८४ वर्षांच्या, गुडघे गेलेले. शटलपर्यंत ठीक, पुढे काय? हातरिक्षा ठरवली होती. स्थानकाबाहेर रिक्षावाले दोघं पुढे-मागे उभे राहिले आणि आजी बसेनात. "माणसाने ओढायचं आणि मी बसायचं? आमच्या वेळी बसले होते, तेव्हा तरुण होते, अक्कल नव्हती." रिक्षावाला मधे पडला. म्हणाला, "आजी, तुम्ही नाही बसलात तर माझा आजचा रोज जातो." हा पेच तिथे कोणालाच सुटला नाही. अखेर त्या हातरिक्षात आजीची ट्रंक आणि पूजेचं सामान ठेवलं, ठरलेले पैसे पूर्ण दिले, आणि आजी रांगेत थांबून ई-रिक्षाने आल्या. तेव्हा ई-रिक्षा मोजक्याच होत्या, त्यामुळे पाऊण तास गेला. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माणसांनी ओढायच्या या रिक्षा सहा महिन्यांत बंद करायचा आदेश दिला आणि ओढणाऱ्यांच्या पुनर्वसनासाठी ई-रिक्षांची योजना करायला सांगितलं. आता अशी लग्नं आखताना वृद्धांसाठीचा हा हिशोब नव्यानेच मांडावा लागतो.

वरातीचा घोडा हा शहरात मिरवायचा प्रकार. माथेरानात घोडा म्हणजे टॅक्सी. तरी मुलगा घोड्यावरून आलाच. घोडेवाल्याच्या अटी साध्या होत्या: बँड नाही, फटाके नाहीत, पुढे नाचायचं नाही. हे घोडे शांत रस्त्याला सरावलेले, एक ताशा कडाडला तर नवरदेव दरीकडे. मग एक सनईवाला आणि एक संबळ, तेही घोड्यापासून अंतर राखून. गाड्यांचा आवाजच नसल्यामुळे ती एकटी सनई बाजारपेठेपर्यंत ऐकू गेली. हॉटेलांच्या गॅलऱ्यांत अनोळखी पर्यटक येऊन उभे राहिले, दोघातिघांनी हात जोडले.

गोरज की सकाळ

सगळ्यात मोठा वाद मुहूर्ताचा. मुलीला गोरज मुहूर्त हवा होता: उतरती उन्हं, समोर प्रबळगड, दिवे लागण्याची वेळ. पंचांगात तोही होता. आमचा विरोध वळवामुळे. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात घाटमाथ्यावर दुपारी ढग भरून येतात आणि तीन-चारनंतर कधीही कोसळतात. पाऊस एक वेळ परवडला, पण उंच झाडांखाली ११० माणसं आणि विजा, हे आम्ही कोणत्याही किमतीत होऊ देणार नव्हतो.

तिने विचारलं, "ताडपत्री लावता येईल ना?" ताडपत्री पाण्यासाठी असते, विजेसाठी नाही. शिवाय अख्ख्या आवारावर घालायची तर तिचं वजन, बांबू, दोर धरून सहाशेतले दीडशे किलो गेले असते आणि साड्यांचं छत झाकलं गेलं असतं. दोन दिवस ती आमच्याशी बोलली नाही. मग गुरुजींनी सकाळचा मुहूर्त काढून दिला आणि तिच्या बाबांनी मध्यस्थी केली. गोरजवेळ आम्ही तिला वेगळ्या तऱ्हेने दिली: आदल्या संध्याकाळी हळदीनंतर फक्त दोघं आणि फोटोग्राफर सनसेट पॉइंटवर. पॉइंट सार्वजनिक आणि वनखात्याच्या हद्दीतला, तिथे विधी नाही, सजावट नाही. धूसर इतकी होती की प्रबळगड आणि कलावंतिणीचा सुळका नुसत्या रेघेसारखे दिसले. फोटोग्राफर नाराज, ती दोघं नाहीत.

लाजाहोम झाडांपासून दूर फरसबंद अंगणात, विटांवर वाळू पसरून, बाजूला पाण्याच्या दोन बादल्या ठेवून झाला. मेमध्ये रानात वाळलेला पाला घोटाभर असतो. मेणबत्त्यांची वाट, आकाशकंदील उडवणं वगैरे मागण्या या एकाच कारणावरून नाकारल्या. होमाला गुरुजींचा आक्षेप नव्हता, उलट सावलीतून उन्हात यायला लागलं म्हणून थोडी तक्रार होती.

पंगत

स्वयंपाकाबद्दल थोडक्यात, कारण तिथे फार डोकं लढवावं लागलं नाही. माथेरानला पिण्याचं पाणी शार्लोट तलावातून आणि खाली नेरळजवळ उल्हास नदीतून वर चढवलेलं असतं. मेमध्ये ते जपूनच वापरायचं. म्हणून पळसाच्या पत्रावळी, भांडी कमी. आचारी कर्जतचा, भांडी हॉटेलची. मसालेभात, मठ्ठा, फणसाची भाजी, काकडीची कोशिंबीर, पुरी आणि आमरस. बर्फ वर न्यायचा नाही, असं ठरवल्यावर शीतपेयं आपोआप गेली. पन्हं आणि कोकम सरबत माठात. स्वागताला करवंदं आणि जांभळं द्रोणात, तीही नेरळच्या बाजारातूनच घेतलेली. एका पाहुण्यांनी 'वेलकम ड्रिंकमध्ये काय आहे' विचारलं आणि हातात द्रोण घेऊन अर्धा तास करवंदंच खात बसले.

परतीची भेट म्हणून चिक्कीचे पुडे, बाजारपेठेतून घेतलेले. वर नेण्याचं वजन शून्य, खाली पाहुण्यांनी आपापलं नेलं. हा हिशोब मुलीच्या वडिलांना सगळ्यात जास्त आवडला.

मुहूर्त सकाळी अकराच्या सुमारास लागला. पंगती दोनपर्यंत उठल्या. सव्वातीनला मावशा साड्या उतरवत होत्या तेव्हा पहिला गडगडाट झाला, आणि चारला असा पाऊस आला की आवारातून लाल पाण्याचे लोट वाहायला लागले. वीज गेली. हॉटेलचा जनरेटर व्हरांडा आणि स्वयंपाकघरापुरता चालला. संध्याकाळचं भोजन व्हरांड्यातच ठरलेलं होतं, त्यामुळे बदलावं काहीच लागलं नाही. स्पीकर आणलाच नव्हता. मुलीच्या मामांनी पेटी काढली. मोगरा साधारण सातच्या सुमारास उमलला आणि ओल्या मातीच्या वासात मिसळला. मुलगी येऊन एवढंच म्हणाली, "गोरजला आपण कुठे असतो?" आणि जांभळाखाली साचलेल्या डबक्याकडे बोट दाखवलं.

हिशोब

शेवटच्या बिलात खोल्या नि जेवण मिळून निम्म्याहून जास्त गेलं. हॉटेल पूर्ण, दोन रात्रींसाठी घ्यावं लागलं, कारण मे हा तिथला ऐन हंगाम. त्याखालोखाल वाहतूक आणि हमाली. सजावट सगळ्यात तळाला. शहरातल्या लग्नाशी ताडलं तर एकूण खर्च फार कमी झाला असं नाही, तो वेगळ्या खिशांत गेला: हातगाडीवाले, घोडेवाले, हमाल, कर्जतचा आचारी. प्रत्यक्ष वर गेलेला माल ५७० किलोंच्या आसपास भरला. खाली आला त्याहून कमी, पण त्यात कचऱ्याच्या गोण्याही होत्या. त्या हमालांनी नेताना जादा पैसे मागितले आणि ते रास्तच होते, ओल्या पत्रावळी जड असतात.

जमलं नाही ते असं: व्हीलचेअरवरच्या एका मामांना आम्ही नीट सोय देऊ शकलो नाही. ते आलेच नाहीत. ज्यांच्या घरात चालू न शकणारी चार-पाच माणसं आहेत त्यांनी माथेरान निवडू नये, असं आम्ही आता पहिल्याच फोनवर सांगतो. मुक्कामाला न थांबणाऱ्या पंचवीसेक पाहुण्यांना अंधाराआधी खाली उतरवायचं होतं. ते पावसात अडकले, अमन लॉजला भिजत थांबले, आणि त्यांतल्या काहींचा राग अजून गेलेला नाही.

त्या वर्षी मोसमी पाऊस मुंबईत २६ मे रोजी दाखल झाला, नेहमीच्या ११ जूनच्या १६ दिवस आधी. लग्न आठवडाभर पुढे असतं तर आम्ही छत नव्हे, घाटरस्ता उघडा आहे का तेच बघत बसलो असतो. पंचांगात मेअखेरचे मुहूर्त दिसतात आणि दर वर्षी कोणीतरी ते घेऊन येतं. माथेरानसाठी १५ मेनंतरची तारीख आता आम्ही घेत नाही. परवाच एका जोडप्याला तसं सांगितलं. ती दोघं २८ तारखेवर अडून बसली होती, म्हणून त्यांना कर्जतच्या एका पक्क्या छपराच्या फार्महाऊसचा नंबर दिला.